निबंधाची बांधणी : देवगिरीपासून कोलंबियापर्यंत

आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. निबंध म्हणजे शाळेतली गोष्ट. पावसाळ्यातला एक दिवस, माझा आवडता नेता, फाटक्या पुस्तकाचे मनोगत. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने त्यावर तासभर काय बोलायचे? पण आम्ही हा विषय मागून घेतला आहे, आणि त्याला एक कारण आहे. ते आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

बरीच वर्षे झाली. आमच्या वर्गात पूर्णेच्या काठच्या एका खेड्यातला मुलगा होता. अंतर्गत परीक्षेला निबंध घातला होता, 'शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा'. त्याने चार पाने लिहिली. भारत हा कृषिप्रधान देश आहे, इथून सुरुवात. मध्ये निसर्गाचा लहरीपणा, सावकारी पाश, अज्ञान, रूढी. शेवटी जय जवान जय किसान. अक्षर सुरेख. आम्ही वीसपैकी सतरा गुण दिले आणि विसरलो. पुढे दोनतीन महिन्यांनी तो बसस्टँडवर भेटला, तेव्हा बोलता बोलता कळले की त्याच वर्षी त्याच्या घरची बैलजोडी कर्जापायी विकली गेली होती. आम्ही म्हटले, अरे, मग हे निबंधात का नाही लिहिलेस? तो आमच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सर, ते लिहायचं असतं का?"

मंडळी, त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. ज्याला विषय आतून माहीत होता, त्याला आम्ही असा सांगाडा शिकवला होता की त्याला स्वतःचे माहीत असलेले बाहेर ठेवावे लागले. आणि वर सतरा गुण दिले! तेव्हापासून आम्ही शोधत आलो की हा सांगाडा आला कुठून, आणि आपल्याकडे दुसरा काही होता की नाही.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण शब्द पुष्कळ काही सांगून जातात. 'निबंध' हा शब्द आपण इंग्रजी 'एसे'साठी वापरतो. पण दोन्हींचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. फ्रेंच लेखक माँतेन याने १५८० साली आपल्या लेखांना 'एसे' हे नाव दिले, त्याचा अर्थ 'प्रयत्न', 'चाचपणी'. मला काय कळते ते बघतो, असा त्याचा भाव. निबंध म्हणजे बांधणे. संस्कृतात धर्मशास्त्रावरच्या संग्रहग्रंथांना निबंध म्हणत. सगळी वचने गोळा करायची, त्यांतला विरोध मिटवायचा आणि गाठ मारून द्यायची. या प्रकारातला मोठा ग्रंथ आपल्या शेजारीच झाला. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि', तेरावे शतक. व्रते, दाने, तीर्थे यांचा एवढा मोठा गठ्ठा की उचलायला दोन माणसे लागावीत.

आणि तिसरा शब्द, जो पुण्यामुंबईच्या मंडळींना सहसा माहीत नसतो. आमच्या वडिलांच्या पिढीतली परभणीची मुले शाळेत निबंध लिहीत नसत, 'मजमून' लिहीत. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. माध्यमिक शिक्षण उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तिथेही माध्यम उर्दू. घरात मराठी, बाजारात मराठी आणि विचार मांडायचा तो उर्दूत. त्या मजमुनाचे तीन भाग शिकवत: तमहीद, नफ्से-मजमून आणि इख्तिताम. म्हणजे प्रस्तावना, मूळ विषय, समारोप. बघा, तीन खणांचा तोच डबा. मजमून या शब्दाचा मूळ अर्थ मात्र सुंदर आहे: 'आत जे सामावले आहे ते'. एकात प्रयत्न, एकात बांधणी, एकात आशय. आम्हाला विचाराल तर तिन्ही पाहिजेत. परीक्षेतल्या निबंधात यांतले फक्त बांधणे उरले, आणि तेही रिकामे पोते बांधावे तसे.

आता आमच्या धंद्याकडे येतो, तर्कशास्त्राकडे. न्यायसूत्रांत अक्षपाद गौतमाने अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पुस्तकातले उदाहरण सगळ्यांना पाठ असते: पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. आपल्याकडे पर्वत कमी. आपण असे म्हणू: पलीकडच्या धुऱ्यावर कोणीतरी काहीतरी पेटवले आहे, ही प्रतिज्ञा. कशावरून? धूर दिसतो, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसे आपली चूल, हे उदाहरण. या धुऱ्यावरही तसाच, आगीशिवाय न निघणारा धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन.

विद्यार्थी विचारायचे, सर, पहिले आणि पाचवे वाक्य एकच नाही का? मग पाच कशाला? हा प्रश्न फार जुना आहे. मीमांसकांनी हेच म्हटले आणि तीन अवयव पुरेत असे सांगितले. बौद्ध तार्किकांनी आणखी कमी केले. पण नैयायिकांचे उत्तर लक्षात घ्या. शब्द तेच असले तरी पहिल्या वाक्याची जात वेगळी आणि पाचव्याची वेगळी. पहिले वाक्य सिद्ध करायचे आहे, पाचवे सिद्ध झालेले आहे. कर्जाची मागणी आणि कर्जफेडीची पावती यांवर रक्कम एकच असते, म्हणून कागद एक होत नाही! निबंधाचा समारोप म्हणजे सुरुवातीचे पुन्हा म्हणणे नव्हे. मधल्या भागात काहीच सिद्ध केले नसेल तर समारोप ही खोटी पावती होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दिङ्नागाने अनुमानाचे दोन प्रकार केले, स्वार्थ आणि परार्थ. स्वतःला कळण्यासाठीचे आणि दुसऱ्याला पटवण्यासाठीचे. पुढे नैयायिकांनीही हा भेद घेतला. स्वतःपुरते कळायला पाच अवयव लागत नाहीत. धूर दिसला, आग समजली, संपले. पाच पायऱ्या लागतात त्या समोरच्या माणसासाठी, ज्याला अजून पटलेले नाही. म्हणजे मांडणी ही समोरच्याचा मान राखण्याची रीत आहे. आम्ही वर्गात म्हणायचो, निबंधाचा आराखडा गुणांसाठी नसतो, वाचणाऱ्यासाठी असतो. पण परीक्षेच्या निबंधाला वाचणाराच नसतो, फक्त तपासणारा असतो. तिथेच सगळे बिघडते.

या पाच अवयवांतला सर्वांत जास्त गाळला जाणारा अवयव कोणता? उपनय. उदाहरण दिले की विद्यार्थ्याला वाटते काम झाले. शिवाजी महाराजांचे उदाहरण दिले, गांधीजींचे दिले, अब्राहम लिंकनचे दिले. पण ते उदाहरण आपल्या मुद्द्याला कुठे लागू पडते हे सांगतच नाही. सुई आहे, दोरा आहे, ओवलेला नाही.

आणि इथे आपल्या गोदाकाठाने एक मोठी गोष्ट केलेली आहे. हेमाद्री देवगिरीत संस्कृतात गठ्ठे बांधत होता, त्याच शतकात चक्रधरस्वामी याच मुलखात फिरत मराठीत बोलत होते. त्यांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या अखेरीला, केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' रचला. यात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी एकसारखी. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचे मोजक्या शब्दांतले विधान. मग दृष्टांत, म्हणजे व्यवहारातली छोटीशी गोष्ट, तीही चक्रधरांचीच. आणि मग दार्ष्टांतिक, ते केसोबासांचे. त्यात गोष्टीतली कोणती गोष्ट सूत्रातल्या कशाला लागू, हे उलगडून दाखवलेले.

हत्तीचा दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. कानाला हात लागलेला म्हणतो सुपासारखा, पायाला लागलेला म्हणतो खांबासारखा. गोष्ट भारतभर होती, बौद्धांकडे होती, जैनांकडे होती. केसोबासांचे वैशिष्ट्य हे की ते गोष्ट सांगून टाळ्या घेऊन उठत नाहीत. ईश्वराविषयी ज्याला जेवढे कळले तेवढ्यालाच तो पूर्ण समजतो, अशी ती गोष्ट ते मूळ सूत्राला नेऊन भिडवतात. हेच उपनयाचे काम. आम्ही तर असे म्हणतो की मराठी गद्यातला परिच्छेद इथे जन्माला आला. विधान, दाखला, जोडणी. आजही कुठल्याही विद्यापीठात परिच्छेद लिहायला शिकवतात तेव्हा याहून वेगळे काही शिकवत नाहीत.

जाता जाता, याच केसोबासांची एक हकीकत 'स्मृतिस्थळा'त आहे. ते संस्कृतचे पंडित. संस्कृतात ग्रंथ करायला निघाले तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना आवरले, का तर तसे केल्याने आमच्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. परार्थ अनुमान म्हणजे काय, याचे याहून चांगले स्पष्टीकरण आम्हाला न्यायाच्या पोथ्यांत मिळाले नाही. परीक्षकापुढे ठेवायला आम्हाला ही ओळ हवी होती, पण परीक्षकही आम्हीच होतो.

अवयव झाले, परिच्छेद झाला. अख्ख्या निबंधाचा आराखडा कुठे मिळतो? तो मीमांसकांच्या अधिकरणात. एका प्रश्नाच्या संपूर्ण चर्चेला ते अधिकरण म्हणतात. विषय कोणता, त्याविषयी संशय काय, पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या विरुद्ध बाजूचे म्हणणे, मग उत्तरपक्ष किंवा सिद्धांत, आणि आधीच्या-पुढच्या चर्चेशी त्याची संगती. प्रस्तावनेसाठी वेदांत्यांनी आणखी एक यादी केली, तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात: विषय, प्रयोजन, संबंध, अधिकारी. कशाबद्दल लिहितो, कशासाठी लिहितो, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय आणि हे कोणी वाचावे. चार वाक्यांत प्रस्तावना होते. कृषिप्रधान देशापासून सुरुवात करावी लागत नाही.

या आराखड्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या आपल्या शाळेतल्या तीन खणी डब्यात नाहीतच. संशय आणि पूर्वपक्ष. संशय नसेल तर लिहायचेच कशाला? ज्याविषयी दोन मते होऊच शकत नाहीत, त्यावर स्तोत्र लिहिता येते, निबंध नाही. 'पाण्याचे महत्त्व' हा विषय घेऊन हजारो मुले लिहितात, आणि पाणी महत्त्वाचे नाही असे म्हणणारा एकही माणूस या जिल्ह्यात मिळायचा नाही. 'ऊस लावावा की नाही' असा विषय घाला, मग बघा मजा!

पूर्वपक्षाची शिस्त फार कडक होती. विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडायचे, मग खोडायचे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: वाद, जल्प, वितंडा. सत्य शोधण्यासाठी तो वाद. जिंकण्यासाठी तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती तोडणे ती वितंडा. आपण आज 'वाद घालू नको' म्हणतो, म्हणजे तिघांतला चांगला शब्द आपण बदनाम करून टाकला. रोज रात्री दूरदर्शन संचावर चालतो तो वाद नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. मधली शतके आम्ही सोडतो आहोत, ती काही रिकामी नव्हती, पण आपल्या विषयाला तिथे फारसे मिळत नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली. ती पत्रे आहेत. मांडणीपेक्षा तळमळ जास्त. आणि मग जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. सात वर्षे, ८४ अंक, जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा. वय सुरुवातीला चोवीससुद्धा नव्हते. मराठी निबंध म्हणून आपण आज जे ओळखतो तो इथे घडला. लांब, तोल सांभाळणारे वाक्य, उपरोध, संस्कृत सुभाषित आणि इंग्रजी लेखकाचा दाखला एकाच परिच्छेदात. भाषेच्या बाबतीत त्यांचे ऋण कोणीही नाकारू नये.

पण आपण आज मांडणी तपासतो आहोत, म्हणून एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. याच निबंधमालेत चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांवर लिहिले. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची, सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. फुल्यांचे म्हणणे काय होते? ब्राह्मणी वर्चस्व कसे आले, ते कशावर टिकून आहे, शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर ठेवल्याने काय झाले. मान्य करा, करू नका, पण ती प्रतिज्ञा होती आणि तिला हेतू दिलेले होते. चिपळूणकरांनी काय केले? फुल्यांच्या व्याकरणाची, भाषेची यथेच्छ थट्टा केली. वाक्य कसे चुकले ते दाखवले. वाक्यात काय म्हटले आहे त्याचा पूर्वपक्ष म्हणून न्याय्य रीतीने मांडला नाही. न्यायाच्या भाषेत हा जल्प झाला, काही ठिकाणी वितंडा. इतका मोठा निबंधकार, संस्कृत विद्येचा अभिमानी, आणि त्या विद्येतली सर्वांत कीर्तिमान शिस्त नेमकी गरज होती तिथे त्याने बाजूला ठेवली.

हे आम्ही चिपळूणकरांना हिणवण्यासाठी सांगत नाही. ते ३१ व्या वर्षी गेले, १८८२ साली. पुढे काय लिहिले असते कोण जाणे. सांगतो अशासाठी की याचा वारसा आमच्यापर्यंत आला. आम्ही स्वतः पंचवीस वर्षे शुद्धलेखनाचे गुण कापत आलो. 'आनी' लिहिले, अर्धा गुण गेला. 'पानी' लिहिले, अर्धा गेला. तो मुलगा काय म्हणतो आहे हे वाचायच्या आधी लाल पेन चालायचा. मुद्दा चुकला म्हणून गुण कापल्याचे मात्र आम्हाला फार आठवत नाही.

उलट 'गुलामगिरी'ची रचना बघा. ती संवादात आहे, जोतीराव आणि धोंडीबा. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. संशय आणि उत्तर. धोंडीबा फार लवकर पटवून घेतो, हे खरे. आणखी चिवट धोंडीबा असता तर ग्रंथ आणखी भक्कम झाला असता असे आम्हाला वाटते. पण दुसऱ्या माणसाला बोलायला जागा तिथे आहे. आगरकरांकडेही ती दिसते. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला, आणि वाक्याच्या पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण'. वाक्य कशाने उभे राहते याचा विचार केलेला माणूस. त्यांच्या निबंधात सनातन्यांचे म्हणणे काय, हे आधी सरळ कळते.

आणि आता आम्ही ज्या निबंधासाठी हे सगळे जमवले तिथे येतो. मराठी माणसाने लिहिलेला, शिकाऊ विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला, मांडणीच्या दृष्टीने आमच्या मते आदर्श असा निबंध. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांचा अभ्यासवर्ग. वाचणारा विद्यार्थी पंचविशीचा, भीमराव आंबेडकर. विषय: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज मराठी भाषांतरही मिळते. घोषणांतले बाबासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. हा विद्यार्थी बाबासाहेब मुलांना दाखवायला हवा.

आता पायरी पायरीने बघू. सुरुवात कशी करतात? वस्तूंची प्रदर्शने आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, पण मानवी संस्थांचेही प्रदर्शन असू शकते, अशा कल्पनेने. समोर अमेरिकन श्रोते आहेत, त्यांना जात म्हणजे काय ठाऊक नाही. त्यांच्या ओळखीच्या गोष्टीपासून निघून चार वाक्यांत ते विषयावर येतात. अधिकारी कोण, हे ओळखलेले आहे. मग संशय: जात म्हणजे नेमके काय, यावर जाणकारांचे एकमत नाही.

मग पूर्वपक्ष. एक नव्हे, चार. फ्रेंच पंडित सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ १९०९ साली निघाला होता. प्रत्येकाची व्याख्या पुढे ठेवतात आणि प्रत्येकात काय कमी ते सांगतात. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतो. तो जातीचा एक विशेष आहे, पण गाभा नाही. नेसफील्ड रोटीव्यवहाराच्या बंदीवर बोट ठेवतो. आंबेडकर म्हणतात, हे कार्याला कारण समजणे झाले. रिस्लीत नवे काही नाही, म्हणून तो दोन वाक्यांत संपतो. बघा, जिथे खाद्य नाही तिथे थांबत नाहीत. केतकरांना मात्र मान देतात. जातीचा विचार जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला म्हणून. आणि मग केतकरांच्याच व्याख्येत शिरतात. केतकर दोन लक्षणे सांगतात: जातीबाहेर लग्न नाही, आणि सदस्यत्व जन्मानेच. आंबेडकर दाखवतात की ही दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की बाहेरचा कोणी जन्माने आत येऊच शकत नाही. उरले एकच: जातीअंतर्गत विवाह. ही झाली प्रतिज्ञा, आणि ती कशी आली बघा. आकाशातून पडली नाही, विरोधकांतल्या सर्वांत चांगल्या माणसाच्या म्हणण्यातून काढली.

आता ती सिद्ध करायची. इथे हा निबंध थरारक होतो. जातीतच लग्न करायचे तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीची राहायला हवी. पण नवरा मेला की एक स्त्री 'जास्त' होते, बायको मेली की एक पुरुष 'जास्त' होतो. या जास्तीच्या माणसांनी बाहेर लग्न केले तर भिंत फुटते, आत केले तर दुसऱ्याच्या वाटणीत तूट येते. मग करायचे काय? स्त्रीला नवऱ्याबरोबर जाळायचे, किंवा तिच्यावर जन्मभराचे वैधव्य लादायचे. पुरुषाला जाळता येत नाही, तो पुरुष आहे. त्याला ब्रह्मचारी ठेवणे अवघड. म्हणून अजून लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी त्याला द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह. ज्या तीन प्रथांवर शंभर वर्षे वेगवेगळे निबंध लिहिले जात होते, त्या एकाच यंत्राचे तीन दाते आहेत, हे एका विद्यार्थ्याने काही पानांत दाखवले. एकही हळवे विशेषण नाही. आम्ही हा भाग वर्गात वाचायचो तेव्हा मुली मान खाली घालायच्या, आणि मग वर करायच्या.

पुढे उगम आणि प्रसार. आधी एका वर्गाने, पुरोहितवर्गाने, आपले दार लावून घेतले. मग इतरांनी अनुकरण केले, आणि काहींना तर दार बाहेरून बंद झालेले आढळले. अनुकरणासाठी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याचा आधार. मनूने जात लादली या मताचा वेगळा पूर्वपक्ष घेऊन तो नाकारतात: एका माणसाच्या कायद्याने एवढी व्यवस्था उभी राहत नाही. विचार करा, अकरा वर्षांनी महाडला मनुस्मृती जाळली गेली त्या चळवळीचा नेता इथे मनूला त्याच्या वाट्याला येत नाही ते श्रेय, किंवा दोष, द्यायला तयार नाही. पुराव्याच्या पुढे जायचे नाही म्हणजे नाही.

समारोपात चार मुद्दे. आणि मग जी गोष्ट आम्हाला कुठल्याही मार्गदर्शिकेत दिसली नाही ती: माझे म्हणणे टिकत नाही असे दाखवून दिले तर मी ते सोडून द्यायलाही तेवढाच तयार आहे, अशा अर्थाचे ते शेवटी सांगतात. ज्याच्या अंगावर जातीने वळ उठवले होते तो माणूस, जातीविषयीच्या आपल्या सिद्धांताबद्दल हे म्हणतो. मंडळी, वाद हा शब्द न्यायसूत्रांत कशासाठी होता, ते इथे कळते.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते, ते १९५८ साली आले. आमच्या परभणी, नांदेडच्या भागासाठी वेगळे विद्यापीठ तर १९९४ साली. त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव का? मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, ज्याने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात चर्चा सुरू होण्याआधी नागसेन राजाला विचारतो, पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बसतो, राजांसारखी करणार असाल तर नाही. फरक काय? पंडित एकमेकांचे म्हणणे खोडतात आणि रागावत नाहीत; राजा आपले म्हणणे मांडतो आणि न पटणाऱ्याला शिक्षा करतो. महाविद्यालयाला नाव उत्तर देणाऱ्या नागसेनाचे नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे. हे आम्हाला फार आवडते.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळे ठीक, पण उद्या पोराला निबंध लिहायचा आहे, त्याला काय सांगू? एवढेच सांगा की पहिल्यांदा तमहीद लिहायचीच नाही. आधी एक वाक्य लिही, जे कोणीतरी नाकारू शकेल. मग तो नाकारणारा कोण, ते ठरव. घरातलाच, गावातलाच माणूस धर. त्याचे म्हणणे लिही आणि शक्य असेल तर त्याला वाचून दाखव. तो "हां, माझं हेच म्हणणं आहे" म्हणाला तर पुढे जा. मग तुझी कारणे, तुला स्वतःला माहीत असलेले दाखले आणि प्रत्येक दाखल्याला दोरा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही, कारण आपण कुठे पोचलो हे तेव्हाच कळलेले असते. सूत्रकारांनी कसे लिहिले माहीत नाही, आम्ही तरी असेच लिहितो.

त्या मुलाचे राहिले. बसस्टँडवरच्या त्या भेटीनंतर आम्ही त्याला म्हटले, पुन्हा लिहून आण. त्याला वाटले सर गंमत करतात. पण पंधरा दिवसांनी आणला, सव्वा पान. पहिले वाक्य असे काहीसे होते की आमचे बैल व्याजामुळे गेले नाहीत, पैसे उशिरा आल्यामुळे गेले. पीककर्ज पेरणी होऊन गेल्यावर हातात पडले, तोवर बी-बियाण्यासाठी बाहेरून उचल झाली होती. त्याखाली चुलत्याचे म्हणणे: कर्ज बहिणीच्या लग्नापायी झाले, पेरणीचे निमित्त. लग्नाला किती खर्च झाला तो आकडा त्याने लपवला नव्हता. बियाण्याच्या उचलीचा आकडाही शेजारीच लिहिला होता, तारखेसकट. शेवटी लिहिले होते की चुलत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे तेही सांगितले होते. 'आनी' तीन ठिकाणी होते. परीक्षा होऊन गेली होती, त्यामुळे गुण देता आले नाहीत. तो कागद अजून आमच्या 'न्यायसूत्रा'च्या प्रतीत आहे, पंचावयवांच्या पानावर.

थांबतो. कोणाचा पूर्वपक्ष असेल तर पुढे या, माईक आहे.